शाळेच्या मैदानावरून शंभर मीटरच्या धावपट्टीवर

फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्तराखंडात झालेल्या ३८ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत महिलांची १०० मीटर धावण्याची शर्यत महाराष्ट्राच्या सुदेष्णा शिवणकर हिने ११.७६ सेकंदांत जिंकली. पुरुषांच्या याच शर्यतीत महाराष्ट्राचा प्रणव गुरव दुसरा आला. साताऱ्याच्या सुदेष्णाचे नाव क्रीडाप्रेमींना त्यापूर्वीच ठाऊक झाले होते. जून २०२२ मध्ये हरियाणातील पंचकुला येथे भरलेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत तिने मुलींच्या १०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक मिळविले होते. युवा गटातील यश आणि देशातील प्रौढ महिला धावपटूंमधील अग्रस्थान यांत पुरती तीन वर्षेही गेली नाहीत. तिच्याही आधी, मार्च २०१९ मध्ये, पुण्याच्या अवंतिका नराळे हिने हाँगकाँग येथील आशियाई युवा मैदानी स्पर्धांत १०० मीटरचे सुवर्णपदक ११.९७ सेकंदांत पटकावले होते.

वेगवान धावणाऱ्या मुली महाराष्ट्रात आजच निर्माण झाल्या आहेत, असे मात्र नव्हे. १९५१ साली नवी दिल्ली येथे पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यांत मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी १०० व २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या, महिलांच्या १०० मीटरमध्ये मुंबईच्याच रोशन मिस्त्री दुसऱ्या आल्या आणि मेरी डिसूझा यांनी २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. या नामावळीत खेड्यापाड्यांतील शाळांची नावे तेव्हा नव्हती. ती आता दिसू लागली आहेत. प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्गात एक तरी मूल असे असते की, ज्याच्या पुढे कोणीही जाऊ शकत नाही. त्यांतील फारच थोडी मुले जिल्ह्याच्या मैदानापर्यंत पोचतात आणि त्याहूनही थोडी सतराव्या-अठराव्या वर्षी धावत राहतात. मधल्या चार-पाच वर्षांत काय घडते व काय घडावयास हवे, हे पालक, शिक्षक आणि ग्रामपंचायतीचे पदाधिकारी या सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे.

बारा सेकंदांचा हिशेब

शंभर मीटरची शर्यत म्हणजे जीव तोडून धावणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात या शर्यतीचे स्पष्ट असे टप्पे पडतात. इशारा ऐकून शरीर हलणे हा पहिला टप्पा. त्यानंतर वेग वाढविण्याचा टप्पा येतो. यात धावपटूचे शरीर पुढे झुकलेले असते आणि प्रत्येक पावलागणिक ते थोडे थोडे सरळ होत जाते. मग कमाल वेगाचा छोटासा टप्पा आणि शेवटी वेग उतरण्याचा टप्पा. शेवटच्या वीस मीटरांत एखादा धावपटू पुढे मुसंडी मारताना दिसतो, तेव्हा तो वेग वाढवीत नसतो. इतरांच्या मानाने त्याचा वेग कमी उतरत असतो, इतकेच. जमैकाच्या युसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिन येथे ९.५८ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. त्या शर्यतीत त्याचा सर्वाधिक वेग ६० ते ८० मीटरच्या दरम्यान होता आणि नंतरच्या वीस मीटरांत तोही किंचित मंदावला होता. शाळकरी मुलांचा कमाल वेग याहून बराच आधी येतो आणि उतारही लवकर लागतो.

वेग हा पावलाची लांबी आणि पावलांची जलद गती या दोहोंच्या गुणाकाराने ठरतो. मुलाला केवळ ‘लांब ढांगा टाक’ असे सांगितले, तर त्याचे पाऊल शरीराच्या फार पुढे पडते आणि प्रत्येक पावलाला जणू गतिरोधक लागतो. पाऊल शरीराच्या जवळपास खाली पडले पाहिजे आणि जमिनीला जोराने मागे ढकलले पाहिजे. लांबी त्यातून आपोआप येते. हाताची हालचाल कोपरातून काटकोनात आणि पुढे-मागे असावी. छातीसमोर आडवे फिरणारे हात शरीराला पिळवटतात. मान, जबडा व खांदे सैल असणे हे शिकविण्यास सर्वांत कठीण, कारण मूल जितके जिंकू इच्छिते तितके ते आखडते.

आता वरील दोन वेळांकडे पुन्हा पाहावे. ११.९७ सेकंद म्हणजे सरासरी ताशी ३० किलोमीटरचा वेग. ११.७६ आणि ११.९७ यांतील फरक एकवीस शतांश सेकंद, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतका. तथापि या दोन धावा शेजारी शेजारी झाल्या असत्या, तर सरासरी वेगाच्या हिशेबाने दुसरी धावपटू सुमारे पावणेदोन मीटर मागे राहिली असती. दुती चंद हिने २०२१ मध्ये ११.१७ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्या धावेच्या मानाने ११.७६ ची धाव सुमारे पाच मीटर मागे पडते. एका दशांशासाठी वर्षभर घाम गाळावा लागतो तो यासाठीच.

हातातले घड्याळ

शाळेच्या मैदानावर घेतलेल्या वेळा ऐकून पुष्कळदा आश्चर्याचा धक्का बसतो. ‘आमचा विद्यार्थी शंभर मीटर अकरा सेकंदांत धावतो’ असे सांगितले जाते आणि विभागीय स्पर्धेत तोच मुलगा बारा सेकंदांच्या आसपास येतो. यात मुलाचा दोष नसतो, शिक्षकाचा हेतूही वाईट नसतो. दोष घड्याळाच्या पद्धतीत असतो.

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. शंभर मीटर अंतरावर समाप्तिरेषेजवळ उभ्या असलेल्या शिक्षकाला शिट्टीचा किंवा पिस्तुलाचा आवाज जवळजवळ तीन दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. आवाजावर घड्याळ सुरू केले, तर मुलाला अडीच मीटरच्या आसपास अंतर फुकट मिळते! म्हणून वेळाधिकाऱ्याने आवाजावर विसंबू नये. पिस्तुलाच्या धुराकडे किंवा झटक्यात खाली येणाऱ्या निशाणाकडे पाहून घड्याळ सुरू करावे. असे केल्यानंतरही हाताने घेतलेली वेळ विद्युत यंत्रणेने घेतलेल्या वेळेपेक्षा कमी भरते. म्हणून १०० व २०० मीटरच्या हातघड्याळी वेळेत ०.२४ सेकंद मिळवून तुलना करण्याची पद्धत रूढ आहे. याखेरीज मैदान मोजलेले असावे, उतार नसावा आणि पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा अधिक नसावा. त्याहून जोराचा वारा असेल तर ती वेळ विक्रमासाठी धरली जात नाही. कित्येक शाळांचे ‘शंभर मीटर’ टेप लावल्यास ९४ किंवा ९६ भरतात, हेही सांगून टाकलेले बरे.

खोट्या वेळेचा तोटा मुलालाच होतो. गावात अकरा सेकंद धावणारा मुलगा मोठ्या मैदानावर बारा सेकंद धावला म्हणजे आपण खालावलो असे त्याला वाटते आणि त्या एका निराशेपोटी काहीजण स्पर्धाच सोडून देतात.

दाल बाजार आणि धावपट्टी

जागेचा प्रश्न खेड्यापेक्षा शहरात अधिक बिकट असतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाल बाजाराचेच उदाहरण घेता येईल. दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे पडला आणि त्या छावणीतूनच लष्कर हे शहर उभे राहिले. शिंद्यांबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांच्या अनेक पिढ्या या भागात नांदल्या. दाल बाजार ही धान्याची व डाळींची पेठ. पोती, हातगाड्या आणि मालवाहू वाहने यांच्या वर्दळीत शंभर मीटर सरळ व मोकळी जागा अशा पेठेत मिळणे दुरापास्त. पेठेतील मुलाला धावावयाचे तर पेठेबाहेर पडावे लागते.

आणि ग्वाल्हेर हे शहर असे की, देशातील शारीरिक शिक्षणाच्या इतिहासात त्याचे नाव पहिल्या पानावर घ्यावे लागते. १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दीचे औचित्य साधून १७ ऑगस्ट १९५७ रोजी भारत सरकारने येथे लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. झाशीच्या राणीने १८५८ साली याच शहरात देह ठेवला, म्हणून तिचे नाव. शारीरिक शिक्षणातील तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम देशात प्रथम येथे सुरू झाला. रेसकोर्स मार्गावरील ही संस्था पुढे अभिमत विद्यापीठाच्या दर्जास पोचली. मराठी वाचकांना जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे तिचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ हे मुंबईजवळच्या कांदिवली येथून आले होते. तत्कालीन मुंबई सरकारने १९३८ साली कांदिवलीस शारीरिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची संस्था काढली, तिची धुरा त्यांनी वाहिली होती. विदर्भात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासून हे कार्य करीत आले आहे. कांदिवली, अमरावती आणि ग्वाल्हेर येथून बाहेर पडलेले शिक्षक ठिकठिकाणच्या शाळांत गेले आणि कवायतीच्या तासाला अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले.

या इतिहासाचा वेगवान धावपटूशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. धावपटूची पहिली ओळख पटविणारा माणूस हा जवळजवळ नेहमीच शाळेतील शिक्षक असतो. केरळ सरकारने १९७६ साली कण्णूर येथे मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू केला. तेथे पय्योळी गावच्या पी. टी. उषा दाखल झाल्या आणि ओ. एम. नंबियार या प्रशिक्षकाने त्यांच्यातील धावपटू घडविली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांना कांस्यपदकाने हुलकावणी दिली ती एक शतांश सेकंदाने, आणि पुढच्याच वर्षी जाकार्ता येथील आशियाई मैदानी स्पर्धांत त्यांनी पाच सुवर्णपदके मिळविली. जमैकाच्या बोल्टला तर लहानपणी क्रिकेटची आवड होती; त्याचा वेग पाहून शाळेतील क्रिकेटच्या प्रशिक्षकानेच त्याला धावण्याकडे वळविले. त्या चिमुकल्या देशात माध्यमिक शाळांच्या मैदानी स्पर्धा १९१० पासून भरत आल्या आहेत आणि त्या पाहण्यासाठी राष्ट्रीय स्टेडियम भरून जाते. ऑस्ट्रेलियात इप्सविच येथील शाळेत शिकणाऱ्या गाउट गाउट या मुलाने डिसेंबर २०२४ मध्ये, सतरावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच, २०० मीटर अंतर २०.०४ सेकंदांत कापले आणि पीटर नॉर्मन यांनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये केलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. दक्षिण सुदानमधून आलेल्या कुटुंबातील या मुलाची चुणूकही प्रथम शाळेच्या मैदानावरच दिसली.

घाई कोठे नडते

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे अगत्याचे आहे. बोल्ट २००२ साली पंधराव्या वर्षी २०० मीटरचा कनिष्ठ जागतिक विजेता झाला. तरीही २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दुखापतीने जेरीस आल्यामुळे तो प्राथमिक फेरीतच बाद झाला. त्याचे ऑलिंपिक सुवर्ण २००८ सालचे, म्हणजे त्या पहिल्या यशानंतर सहा वर्षांचे. उलट दिशेचे उदाहरण आपल्याकडे आहे. छत्तीसगडच्या जशपूर जिल्ह्यातील अनिमेष कुजूर हा अंबिकापूरच्या सैनिक शाळेचा विद्यार्थी. शालेय शिक्षण आटोपल्यानंतर तो या शर्यतींकडे गांभीर्याने वळला आणि जुलै २०२५ मध्ये ग्रीसमध्ये त्याने १०० मीटरचा १०.१८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदविला. आसामच्या हिमा दासने शेतातल्या मैदानावर मुलांबरोबर फुटबॉल खेळत पाय घडविले आणि जुलै २०१८ मध्ये फिनलंडमधील टांपेरे येथे ४०० मीटरचे कनिष्ठ जागतिक अजिंक्यपद मिळविले. तेराव्या वर्षी जिंकला नाही म्हणून मुलगा संपत नाही आणि तेराव्या वर्षी जिंकला म्हणून तो तयारही होत नाही.

याचे कारण वाढीच्या वयात आहे. मुलींची उंची साधारणतः अकराव्या-बाराव्या वर्षी, तर मुलांची तेराव्या-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढते. आणि एकाच वर्गातील दोन मुलांत या बाबतीत दोन-दोन वर्षांचे अंतर असू शकते. सातवी-आठवीच्या वर्गात जो पहिला येतो, तो पुष्कळदा फक्त लवकर वाढलेला असतो. त्याच्या मागे दोन मीटरवर धावणारा बारका मुलगा सतराव्या वर्षी त्याला मागे टाकतो. म्हणून निवड करताना केवळ क्रमांक पाहू नये. गेल्या वर्षीच्या मानाने कोण किती सुधारला, हेही पाहावे. वाढ झपाट्याने होत असते तेव्हा हाडे आधी लांबतात, स्नायू व स्नायूंची बंधने मागाहून जुळवून घेतात. अशा काळात गुडघ्याखाली, टाचेत व नडगीत दुखू लागते. ‘चालते, धाव’ म्हणून दामटले, तर पुढे महिनोन्महिने घरी बसावे लागते. मुरमाच्या मैदानावर वाढलेली मुले सिंथेटिक धावपट्टीवर प्रथमच खिळ्यांचे बूट घालून धावतात, तेव्हाही नडगी व पोटरी कुरकुरते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवे बूट देणे हा उपकार नव्हे.

बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलाला शंभर मीटरचा ‘तज्ज्ञ’ करू नये. या वयासाठी महाराष्ट्राच्या मातीतच उत्तम साधने आहेत. खो-खो घ्यावा. पाठलाग करताना क्षणात वेग घेणे, खांबाला वळणे, इशारा मिळताच उठून धावणे, हे सर्व वेगवान धावपटूला लागणारे गुण या खेळात हसत-खेळत येतात. लंगडीने एका पायाची ताकद व तोल वाढतो. दोरीवरच्या उड्या, उभ्याने लांब उडी, वीस-तीस मीटरच्या छोट्या धावा आणि प्रत्येक धावेनंतर पुरेशी विश्रांती, एवढे आठवड्यातून तीन-चार दिवस पुरते. विश्रांतीबद्दल शिक्षकांच्या मनात उगाच संकोच असतो. वेगाचा सराव म्हणजे दमविण्याचा सराव नव्हे. दमलेले मूल हळू धावते आणि हळू धावण्याचीच सवय लावून घेते. पूर्ण वेगाने तीस मीटर धावल्यावर दोन-तीन मिनिटे चालू द्यावे. दहा फेऱ्या मारल्याने शंभर मीटरचा वेग वाढत नाही.

जड वजने, शक्तिवर्धक पावडरी आणि ‘ताकदीची’ इंजेक्शने यांच्यापासून मुलांना दूर ठेवणे, हा विषय टाळून चालणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत राज्य मैदानी स्पर्धा चालू असताना उत्तेजक द्रव्य तपासणीचे पथक आले आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीस एकटा एकच धावपटू उभा राहिला. बाकीचे मैदानातून निघून गेले होते. या बातमीवर हसू येते, पण ते फार वेळ टिकत नाही. तरुण मुले हा मार्ग स्वतः शोधून काढीत नाहीत. तो त्यांना कोणीतरी दाखवितो. वयाच्या खोट्या दाखल्यांचेही तसेच. मनगटाच्या क्षकिरण चित्रावरून वय पडताळण्याची पद्धत आता वापरात आहे, त्यामुळे हा लबाडीचा पैसा फार दिवस चालत नाही. आणि मधल्या काळात खऱ्या वयाच्या मुलाची जागा मात्र गेलेली असते.

मुलगी, ताट आणि दहावी

वर दिलेली यशाची उदाहरणे बरीचशी मुलींची आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. तरीही मैदान सोडण्याचे प्रमाण मुलींतच अधिक दिसते. कारणे परिचित आहेत: घरकाम, पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकटीने जाण्याची भीती, धावण्याच्या पोशाखाबद्दल शेजाऱ्यांचे शेरे. एक कारण मात्र ताटात असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. शंभर मीटरची एक धाव रक्तक्षय असतानाही निघून जाते. परंतु रोजचा सराव झेपत नाही, दुखणे लवकर बरे होत नाही आणि मुलगी ‘आळशी झाली’ असा शिक्का बसतो. सराव सुरू करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे व डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात. आहारासाठी खर्चिक काही लागत नाही. भाकरी, डाळ, उसळी, पालेभाजी, शेंगदाणे व गूळ, दूध, मिळत असल्यास अंडी, आणि सरावानंतर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी खाणे, एवढे पुरेसे होते. सरावाला उपाशीपोटी येणाऱ्या मुली पुष्कळ असतात. शिक्षकाने तेवढे विचारावे. मासिक पाळीच्या दिवसांत सराव करावयाचा की नाही, हे मुलीच्या त्रासावर अवलंबून असावे. याबाबत घरी आईशी आणि शाळेत शिक्षिकेशी मोकळेपणाने बोलता आले, तर निम्मी अडचण तेथेच सुटते.

दहावीचे वर्ष आले की सराव बंद, ही दुसरी अडचण. एक वर्ष पूर्ण बंद ठेवल्यास वेग परत मिळविण्यास बराच काळ जातो. याउलट आठवड्यातून तीन दिवस प्रत्येकी एक तास मैदानावर घालविल्याने अभ्यास बुडत नाही. खेळाडू विद्यार्थ्यांना माध्यमिक शालान्त परीक्षेत सवलतीचे क्रीडागुण देण्याची आणि शासकीय सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद महाराष्ट्रात करण्यात आली. पालकांना या तरतुदी ठाऊक असतात, परंतु अर्ज केव्हा व कोठे करावयाचा हे शेवटच्या दिवशी कळते. शाळेने वर्षारंभीच पालकसभेत हे सांगावे.

पुढची पायरी

शालेय स्पर्धांची उतरंड तालुका, जिल्हा, विभाग, राज्य व राष्ट्र अशी असून १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत त्या होतात. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचे कार्यालय हे या वाटेवरचे मुख्य ठिकाण होय. आठ ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश देताना उंची व वजन, वेगात येऊन तीस मीटर धावणे, उभ्याने लांब व उंच उडी, दहा मीटरच्या सहा धावा, मेडिसिन बॉल फेकणे, कमरेची लवचिकता आणि ८०० मीटर धावणे अशा कसोट्या घेतल्या गेल्या आहेत. यांतील बहुतेक कसोट्या कोणत्याही शाळेत टेप, घड्याळ आणि चुना एवढ्या साहित्यावर घेता येतात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले. जानेवारी २०१९ मध्ये तेथेच भरलेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत महाराष्ट्राने ८५ सुवर्णांसह २२८ पदके मिळविली. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूस प्रशिक्षण खर्चाखेरीज वर्षाला १ लाख २० हजार रुपये हातखर्चासाठी ठरविण्यात आले. सामान्य घरातील मुलीच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे बूट, प्रवास आणि दूध-अंडी यांची वर्षभराची निश्चिती होय.

एक शेवटची बाब नोंदवहीची. शाळेतील चांगला धावपटू आठवी किंवा दहावीनंतर दुसऱ्या शाळेत जातो आणि त्याच्याबरोबर त्याची माहिती मात्र जात नाही. नवा शिक्षक सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, कित्येकदा न झेपणारा सराव देऊन. यासाठी दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक तीन महिन्यांनी उंची व वजन, तीस मीटरची वेळ, उभ्याने लांब उडीचे अंतर, शंभर मीटरची वेळ, ती वेळ हातघड्याळाची की विद्युत यंत्रणेची, मैदान मातीचे की सिंथेटिक, त्या काळात झालेली दुखापत व ती किती दिवसांनी बरी झाली, एवढ्या नोंदी त्या मुलाच्या नावाच्या पानावर असाव्यात. मूल शाळा सोडताना शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर त्या पानाची मुख्याध्यापकांच्या सहीची नक्कल पालकांच्या हाती द्यावी.